बायकांसाठी हलकी बंदूक

२२ सप्टेंबर

डॉक्टरांनी खांद्याला मोकळीक दिली. "आता केस विंचरा, भांडी घासा, नातवंडं उचला," म्हणाले. बंदुकीचं विचारलं तेव्हा ते हसले. साठी ओलांडलेली बाई विनोद करतेय असं त्यांना वाटलं असावं.

आज बाबांची दुनळी कपाटातून काढली. तेल लावताना तोच जुना वास आला, अक्रोडाच्या लाकडाचा आणि बाबांच्या तंबाखूचा. मी सोळा वर्षांची असताना त्यांनी तिचा दस्ता माझ्या हाताच्या मापाने कापून घेतला होता, आणि आईने त्यांच्याशी अबोला धरला होता. मागच्या द्राक्षमळ्यात जाऊन एकच बार काढला. खांद्यात अशी कळ गेली की वेलीचा खांब धरून खाली बसले. रडले नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते वेगळं.

वर बघते तो कुंपणापाशी वदीअ. माझा धाकटा भाऊ.

"झालं समाधान?"

"तुला कुणी बोलावलं होतं?"

"बार ऐकला. म्हटलं, कुणाची तरी बकरी गेली."

मग स्वतःच गडग्यावर बसला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "दूदू, या वर्षी तुझ्या लपणात मी उभा राहतो. घरातलं घरात राहील."

लाज नावाची चीज नाही. आमच्या खिंडीत घराघराचं दगडी लपण आहे, कमरेएवढी अर्धगोल भिंत, पक्ष्यांच्या वाटेकडे तोंड केलेली. मार मित्री, म्हणजे आमचा संत, त्याच्या सणानंतरच्या रविवारी, उजाडताना, खालच्या लपणापासून वरच्यापर्यंत एकेक जण आपलं नाव पुकारतो आणि मग बार निघतात. नुसतं नाव पुकारून बार न काढणाऱ्याला गाव वर्षभर कोंबडा म्हणतं. आणि ज्या लपणातून लागोपाठ दोन वर्षं नाव येत नाही, ते दुसऱ्याला जातं. मागच्या वर्षी मी फाटलेला खांदा शिवून घेत इस्पितळात पडले होते. या वर्षी चुकले तर संपलं.

वदीअला वरचं लपण मिळालं, आजोबांचं, अख्ख्या खिंडीतलं सर्वांत चांगलं. का, तर तो मुलगा. मला खालचं, रस्त्याच्या वळणावरचं. ते मात्र बाबांनी मला दिलं, कारण माझा नेम चांगला. तेवढं एकच काय ते त्यांनी नेमाकडे बघून दिलं. आता याला दोन्ही हवीत.

"मरेन तेव्हा घे," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. बराच वेळ बसून होता. नगरपालिकेला शिव्या देत होता.

२६ सप्टेंबर

जहलेला गेले. बंदुकांचं मोठं दुकान. मालक खवाजा, म्हणजे शेट, नाझारेत यांनी आधी माझ्या मागे बघितलं, नवरा येतोय का म्हणून. अंत्वान जाऊन सहा वर्षं झाली, पण दुकानदार अजून त्याला शोधतात.

"खांदा दुखावलाय," मी सांगितलं. "धक्का कमी देणारी बंदूक दाखवा. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरही चालेल आणि कस्तूर पक्ष्यांवरही."

"मादामसाठी आहे ना आपल्याकडे." आतून मखमलीची पेटी आली. वीस बोअरची दुनळी, पिसासारखी हलकी, आणि बाजूच्या पत्र्यावर गुलाब कोरलेले. गुलाब!

"एवढी हलकी? मग धक्का जास्त बसेल."

"मादाम, हलकी बंदूक म्हणजे हलका धक्का. बोअर लहान, धक्का लहान. आमच्याकडच्या सगळ्या बायकांना हीच देतो."

"त्या बायका परत येतात का?"

"नाही," ते अभिमानाने म्हणाले. "एकीचीही तक्रार नाही."

मी त्यांना सिस्टर मारी-आंज यांचं सांगितलं. कॉन्व्हेंटच्या अंगणात कपडे वाहायच्या चाकांच्या दोन गाड्या होत्या. एकीत त्यांनी जाड्या जानेतला बसवलं, दुसरीत मला, मी तेव्हा काटकी होते. म्हणाल्या, एकमेकींना ढकला. जानेत जागची जेमतेम हलली. मी थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. "बघा मुलींनो," सिस्टर म्हणाल्या, "धक्का दोघींना सारखाच. पण हलकं असतं तेच मागे फेकलं जातं." जे काडतूस हलक्या बंदुकीतून सुटेल ते तिला जोरात मागे फेकणार, आणि तिच्या मागे माझा खांदा आहे.

खवाजांनी ऐकून घेतलं. "आधी वापरून बघा," म्हणाले. "गुलाब फार खुलून दिसतात तुमच्या हातात."

घेऊन आले. कशाला आणली? इतकी माणसं एकच गोष्ट खात्रीने सांगतात तेव्हा स्वतःचं डोकं खोटं वाटायला लागतं.

३० सप्टेंबर

नेमबाजीच्या क्लबात तबकड्यांवर गुलाबवाली चालवली. पाच बार. सहावा काढवला नाही.

गाडीत बसले, पण गिअर टाकता येईना. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. घरी येऊन पाहिलं तर खांद्यावर वांग्याएवढा डाग, वांग्याच्याच रंगाचा. सिस्टर मारी-आंज, तुम्ही बरोबर होता. मीच आठवीत शिकलेलं खवाजा नाझारेतच्या मखमलीपुढे विसरले.

क्लबातल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पाचांतल्या दोन तबकड्या फुटल्या म्हणून. मी तिथे पंचवीसातल्या बावीस फोडून घरी गेलेली बाई आहे, आणि आता दोनांवर टाळ्या. लहान मुलाने भांड्यात शी केली की वाजवतात तशा.

४ ऑक्टोबर

बंदूक परत केली. खवाजा म्हणाले, "मादामना जड झाली का?"

मी परत मिळालेले पैसे मोजून घेतले. सिस्टरांनी हेही शिकवलं होतं.

७ ऑक्टोबर

लामिया आली होती, वदीअची बायको. मकदूससाठी वांगी उकडून दाबून ठेवली होती, ती आम्ही दोघींनी अक्रोड-लसूण भरून बरणीत लावली. ती चांगली बाई आहे. तेल ओतताना एकदम म्हणाली, "ओदेत, देऊन टाक ना त्याला ते लपण."

"त्याचं स्वतःचं आहे."

"ते वर आहे."

"मग? वरचं म्हणूनच चांगलं. आजोबांनी उगाच बांधलं का तिथे?"

"डॉक्टर..." ती म्हणाली आणि थांबली.

"डॉक्टरांना काय विचारायचं? माझ्या डॉक्टरांना नेमबाजीतलं अक्षरही कळत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तेल ओतायला लागली. नवऱ्याने पढवून पाठवलेली बायको लगेच कळते, बोलता बोलता तिचे शब्द संपतात.

९ ऑक्टोबर

कामिलचा माँट्रियलहून फोन. "ममा, पत्ते खेळ ना. मार्गो मावशी खेळते."

मार्गोला तिच्या हातातले पत्तेही दिसत नाहीत. तरी तिला कुणी सोड म्हणत नाही.

१४ ऑक्टोबर

हा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

क्लबात गेले होते ते नुसतं बघायला. रीम म्हणून एक मुलगी येते, जहलेला दातांची डॉक्टर आहे. बारीक अंगाची, आणि हातात काळी, लांबलचक, एका नळीची बंदूक. मी विचारलं, "ही तुला पेलते कशी?"

"पेलायची कुठे असते मावशी, उचलून खांद्याला लावायची असते. घ्या बघा."

"खांद्याचं ऑपरेशन झालंय माझं."

"म्हणूनच घ्या म्हणतेय."

बंदूक खरंच जड. ती आपोआप भरणारी, गॅसवर चालणारी आहे. बार सुटला की मागच्या गॅसचा काही भाग आतल्या आत वळवून ती पुढचं काडतूस भरते. म्हणजे धक्क्याचा एक वाटा तिच्या कामात जातो, एक तिच्या वजनात जिरतो, आणि खांद्याला उरतो तो नुसता चोथा. रीमने काडतुसंही चोवीस ग्रॅम छऱ्यांची घातली. "बत्तीसची पुरुषांना हवी असतात," म्हणाली, "आवाजासाठी."

मी "सोड" म्हटलं. तबकडी उडाली, फुटली. मी दुखण्याची वाट बघत उभी राहिले. दुखलं नाही. पुन्हा सोड म्हटलं. दहापर्यंत गेले. दस्ता मला लांब पडत होता, त्यामुळे शेवटचे दोन बार खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर आले आणि लागले. पण तो दोष मापाचा, बंदुकीचा नाही.

रीमच्या गालाचा मुका घेतला. पोरगी गोंधळली.

मग ध्यानात आलं की ही काळी लांबडी मी पाहिलेली आहे. वदीअकडे आहे. सहा-सात वर्षांपूर्वी बैरूतहून आणली तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, आमच्या घरात बंदुका होत्या, नळ दुरुस्तीची हत्यारं नव्हती.

खवाजा नाझारेतना फोन केला. तशी एकच होती, गेली. नवी मागवायची तर नाताळ. आणि म्हणाले, "मादाम, ती फार जड असते हो."

सण बारा दिवसांवर आला. वदीअकडे मागणार नाही. एक वेळ लपण जाईल.

१५ ऑक्टोबर

नाही, लपण जाता कामा नये. रात्रभर तळमळले. बाबांच्या दुनळीतून निदान एक बार काढीन आणि मग पडेना का हात तुटून. एका बाराने कोंबडा होत नाही.

१६ ऑक्टोबर

वदीअ येऊन बाबांची दुनळी मागून घेऊन गेला. "स्प्रिंग सैल वाटतेय, एक दिवसात देतो." देताना मनात आलं, ही आता परत यायची नाही. एकच हत्यार उरलं होतं, तेही गोड बोलून नेलं.

मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. तेवढ्या चढात दोनदा थांबला. एकदा नगरपालिकेच्या खड्ड्याबद्दल बोलायला, एकदा वीजवाल्यांबद्दल. वर माझी नक्कल करतो. मी दुखणारा खांदा चोळते तसा तोही डावा दंड चोळत उभा.

"तुला काय झालंय?"

"काही नाही. तुझं बघून लागली सवय."

असा भाऊ.

१८ ऑक्टोबर

दुनळी परत आली. मला खोटं पाडायची त्याला हौसच आहे. स्प्रिंग तशीच सैल.

२१ ऑक्टोबर

चर्चबाहेर कळलं. वदीअने वरचं लपण जावयाला देऊन टाकलं. आजोबांचं लपण! त्या फादीला! जो बार काढताना डोळे मिटतो! भिंतीचा एकेक दगड आजोबांनी खेचरावरून नेला, आजी म्हणायची, त्या वर्षी ते खेचर त्यांच्याशी बोलेनासं झालं होतं. आणि याने विचारलं नाही, सांगितलं नाही, भाजीची जुडी द्यावी तसं देऊन टाकलं.

आणि का दिलं ते आंधळ्यालाही दिसेल. स्वतःचं लपण नाही म्हटल्यावर पंचांपुढे जाऊन म्हणणार, बहिणीचं रिकामं आहे, माझ्याकडे काहीच नाही, ते मला द्या.

प्रार्थना संपेपर्यंत तो आत आलाच नव्हता. बाहेर भिंतीवर बसून होता. म्हणे पायऱ्या फार झाल्यात. पायऱ्या त्याच्या बाप्तिस्म्यापासून तेवढ्याच आहेत.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "आजोबांना वर तोंड कसं दाखवशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणाला. "तू चिडलीस की आईसारखी दिसतेस."

मी घरी निघून आले. रविवारचं जेवण त्यांच्याकडे होतं, गेले नाही. लामियाने किब्बे पाठवले. ते मात्र खाल्ले.

२४ ऑक्टोबर

दुपारी लामिया गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर त्याची काळी बंदूक, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. "वदीअने दिलीय. या वर्षी तो नेणार नाही म्हणाला."

"मी मागितली होती?"

"नाही."

"मग क्लबात कुणी शिंकलं तर आमच्या गावात न्यूमोनिया कसा होतो? त्या दातांच्या डॉक्टरणीने सांगितलं?"

"ती त्याची दाढ बघते," लामिया म्हणाली. "तू घे फक्त. माझ्याशी भांडू नकोस, मी थकलेय." ती खरंच थकलेली दिसत होती. कॉफीलाही थांबली नाही.

ब्लँकेट सोडलं, आणि काय पाहावं! दस्ता कापलेला. मागून चांगला दोन बोटं लाकूड उडवून तिथे जाड रबर बसवलेलं. बाबांच्या दुनळीशेजारी ठेवून बघितली, माप तंतोतंत तेच. म्हणजे स्प्रिंग वगैरे काही नव्हतं, माप घ्यायला नेली होती. मला न विचारता! मला सांगता आलं नसतं का माझ्या हाताचं माप?

आणि त्या वेंधळ्याने एवढाही विचार केला नाही की कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. त्याचे हात केवढे लांब, दारातून आधी हात येतात, मग तो. आता ही बंदूक त्याला जन्मात बसायची नाही. एवढी महागाची वस्तू. बाबा असते तर कान उपटले असते.

शिवाय हे उपकार आहेत. लपण हवं असलेल्या माणसाने आधी बंदूक पाठवायची, मग मी ओशाळून लपण द्यायचं. मी ओशाळणार नाही.

२५ ऑक्टोबर

क्लबात जाऊन आले. चोवीस ग्रॅमची काडतुसं. पंचवीसातल्या एकोणीस. दस्ता खळग्यात असा बसतो की जसा तिथेच उगवला असावा. संध्याकाळी दोन्ही हात वर करून केस बांधले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर, मार मित्रीचा सण

वदीअ चर्चमध्ये आला, पण मागच्या बाकावर, दाराशी. मी धन्यवाद म्हणायला म्हणून गेले होते. त्याने मला बघताच म्हटलं, "काय, नळ दुरुस्तीला निघालीस का?"

मग धन्यवाद म्हटलं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

अंधारात निघाले. बंदूक जड, म्हणून सावकाश चालले. वळणावर लामियाची गाडी परत फिरताना दिसली. काच खाली करून ती म्हणाली, "ओदेत, त्याला उचलाउचली करू देऊ नकोस." आणि गेली.

लपणात जाते तो वदीअ आत बसलेला. दगडावर, मफलर गुंडाळून, हात बगलेत. बंदूक नाही, काडतुसं नाहीत.

"हे माझं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"बघायला आलोय. बघायला बंदी आहे?"

बंदुकीशिवाय शिकारीला आलेला आमच्या घराण्यातला हा पहिलाच पुरुष. कशाला आला असेल, ते मी ओळखलं. माझा खांदा नाव पुकारायच्या आधीच गळपटला तर जागच्या जागी हजर असावं म्हणून. मी बंदूक भरली.

पूर्वेला कडा फटफटली. खालून पुकारे सुरू झाले. मिशेल, तन्नूसचा मुलगा. मग नकूला, जुर्जीचा मुलगा. त्याचा आवाज फाटला तसं खालून कुणीतरी हसलं. गार वाऱ्यावर नावं एकेक करून वर चढत येत होती. लहानपणी आम्ही दोघं अंथरुणात पडून ती मोजायचो आणि बाबांचं नाव आलं की आई म्हणायची, झोपा आता, आहेत ते.

आमच्या खालच्या लपणातलं नाव झालं. आमची पाळी. वदीअने तोंड उघडलं. सवय असणार, इतकी वर्षं तो वरून पुकारत आलाय. मग मिटलं आणि बुटांकडे बघायला लागला.

मला एवढा राग आला. एक तर आजोबांचं लपण वाटून टाकायचं, आणि मग असं बेवारशासारखं लोकांच्या भिंतीआड बसायचं. उजाडल्यावर सगळी खिंड बघणार, हबीबचा मुलगा बहिणीच्या लपणात बिननावाचा बसलाय. गावाला वर्षभर पुरलं असतं ते.

मी पुकारलं, "ओदेत आणि वदीअ, हबीबची मुलं."

दोन नावं कधी कुणी पुकारलेली नाहीत. मग वरून एकाचं, मग आणखी वरून फादीचं नाव आलं आणि पहिला थवा कड्यावरून उतरला. मी उभी राहिले, नळी पक्ष्याच्या पुढे नेली आणि बार काढला. खांद्याला कळलं ते एवढंच, की बाकावर शेजारी कुणी येऊन बसलं आणि जरा सरक म्हणालं. कस्तूर समोरच्या ओकाशी पडला.

"मागे उडाला असता तर चुकला असता," वदीअ म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. मफलर असून सर्दी झालीय.

"तू बघायला आलास ना? बघ."

"मुलाचं नाव आधी घ्यायची पद्धत आहे."

"लपण माझं आहे."

"आणि बंदूक?"

"तीही माझी. तुझ्या हातांना आता बसतेय का बघ."

तो हसला. मग खोकला, मग बराच वेळ दगडाला टेकून वर येणाऱ्या उन्हाकडे बघत राहिला. मी आणखी तीन पाडले. एकदाही म्हणाला नाही, इकडे आण मी मारतो. त्याला झालंय तरी काय.

"नावांचं एवढंच वाटत असेल," मी म्हटलं, "तर पुढच्या वर्षी तू पुकार. तुझं आधी घे, हवं तर. माझा घसा काही फुकटचा नाही."

"पुढच्या वर्षी?"

"हो. का? तुला कुठे जायचंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही," म्हणाला. "कुठे नाही." आणि मी स्वतःसाठी आणलेली सगळी कॉफी न विचारता पिऊन टाकली.